बाबासाहेबांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात प्रवेश घेतला होता, मग तिथली पदवी का नाही?

दर एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी फिरते. त्यात कोलंबिया असतं, लंडन असतं आणि बऱ्याचदा जर्मनीतलं बॉनही असतं. बॉनला बाबासाहेबांनी प्रवेश घेतला होता, हे खरं. पण तिथली पदवी त्यांच्याकडे नव्हती.

मग नेमकं काय झालं होतं?

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स गाठलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांनी उसने दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले.

तिथून १९२१ मध्ये त्यांनी बॉनला अर्थशास्त्रासाठी नाव नोंदवलं. जर्मन भाषा त्यांना येत होती. बॉन विद्यापीठ १८१८ चं. कार्ल मार्क्स इथं कायदा शिकायला होता. संस्कृतचं अध्यासनही इथं सुरुवातीपासूनच होतं.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचं चलन तेव्हा घसरत होतं. १९१४ मध्ये एका डॉलरला सुमारे ४.२ मार्क मिळायचे. नोव्हेंबर १९२३ मध्ये हाच आकडा ४.२ लाख कोटींवर गेला. आणि बाबासाहेबांच्या लंडनमधल्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न, म्हणजे चलनाचाच!

पण लंडनमध्ये एकाच वेळी एम.एस्सी., बॅरिस्टरी आणि डी.एस्सी.चा प्रबंध चालू होता. पैसा मोजका आणि वेळ त्याहून कमी. बॉनमधले तास झाले नाहीत आणि गैरहजेरीमुळे त्यांचं नाव पटावरून कमी झालं.

लंडनचं काम मात्र त्यांनी तडीस नेलं. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, पुढे ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. सहा वर्षांपूर्वी पैशाअभावी अर्धवट सुटलेलं शिक्षण असं पूर्ण झालं.

त्यामुळे यादी पुढे पाठवताना बॉनसमोर 'पदवी' नको, 'प्रवेश' लिहा. बाबासाहेबांचं मोठेपण दाखवायला खरी यादीच पुरेशी आहे.