विल्यम केरी यांची नम्रता

इंग्लंडातील एका खेड्यात सन १७६१ त जन्मलेले विल्यम केरी हे मूळचे जोडे शिवणारे. १७९३ त ते बंगाल्यात आले. १८०५ त त्यांनी आम्हां मराठी लोकांच्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे १८१२ च्या मार्चात श्रीरामपूर येथील छापखान्यास आग लागून त्यांच्या कित्येक वर्षांच्या श्रमाचे हस्तलेख भस्म झाले. कार्य देवाचे, तेव्हा ते राखण्याचा वा नेण्याचा अधिकारही त्याचाच, असा बोध मंडळीस करून केरी पुन्हा लिहावयास बसले. १८३४ त मरणापूर्वी त्यांनी एका तरुण मिशनऱ्यास विनविले की, आपली नव्हे, तर आपल्या तारणाऱ्याची थोरवी सांगावी. प्रिय वाचकहो, आम्हांपैकी कोणास गोड गळा, कोणास वक्तृत्व लाभले आहे. ते दान देणाऱ्याचे आहे, हे आम्ही विसरू नये.