मोटारगाडीस ठिणगी देणारा कारागीर : चार्ल्स केटरिंग

हल्ली मोटारगाडी चालू करावयाची म्हणजे किल्ली फिरविली किंवा एक बटण दाबले की काम झाले. सात-आठ वर्षांचे मूलही ते करून दाखवील. (दाखवू नये, हे आम्ही शिक्षक या नात्याने येथेच सांगून ठेवतो.) परंतु १९१२ सालापूर्वी हे काम इतके सोपे नव्हते. गाडीपुढे उभे राहून, लोखंडी हँडल इंजिनात अडकवून, खांद्याचे सारे बळ लावून ते फिरवावे लागे. आणि इंजिनातील ठिणगी वेळेआधी पडली, तर तेच हँडल उलट उसळून मनुष्याचे मनगट मोडी. डेट्रॉइट शहरात बायरन कार्टर नावाचे एक गाडी-कारखानदार १९०८ साली मरण पावले. रस्त्यात अडलेल्या एका बाईच्या गाडीचे हँडल मारावयास ते गेले, ते उलटून जबड्यावर बसले आणि त्या दुखण्यातच त्यांचा अंत झाला, अशी हकीकत तेव्हापासून सांगण्यात येते. हे हँडल ज्यांनी कायमचे हद्दपार केले, त्या चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांचे चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

त्यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो प्रांतात, लाउडनव्हिल गावानजीकच्या एका शेतावर २९ ऑगस्ट १८७६ रोजी झाला. मुलगा बुद्धीने तल्लख, पण दृष्टीने अधू. पुस्तक घेऊन बसला की त्याचे डोके दुखू लागे. तरुणपणी त्याने काही काळ खेड्यातील शाळेत शिक्षकाचे काम केले. म्हणजे हा गृहस्थ आमच्याच बिरादरीचा, हे नमूद करताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. पुढे तो ओहायो स्टेट विद्यापीठात विजेचे शास्त्र शिकण्यास गेला. परंतु डोळ्यांनी दगा दिला व अभ्यास सोडावा लागला. घरी स्वस्थ न बसता त्याने टेलिफोनचे खांब पुरणाऱ्या टोळीत नोकरी धरली. उन्हातान्हात खड्डे खणता खणता प्रकृती सुधारली, डोळे निवळले, आणि तो पुन्हा विद्यापीठात गेला. १९०४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यास पदवी मिळाली. ज्या वयात पुष्कळांचा संसार मांडून झालेला असतो, त्या वयात केटरिंग विद्यार्थिदशेतून बाहेर पडत होते.

डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांस जागा मिळाली. दुकानातील पैशांचा गल्ला तोवर हाताने दांडा फिरवून उघडीत. त्यास विजेची मोटर जोडण्याचे काम केटरिंग यांच्याकडे आले. येथे त्यांनी एक गोष्ट हेरली, व पुढच्या यशाचे बीज तीतच होते. जी मोटर दिवसभर चालावयाची ती मोठी हवी. पण जिला क्षणभरच जोर लावून थांबावयाचे आहे, ती लहान असली तरी चालते. क्षणभर तिच्यावर अतोनात भार टाकला, तरी तापून जळण्याइतका वेळच तिला मिळत नाही.

त्याच कंपनीतील एडवर्ड डीड्स या अधिकाऱ्याच्या घरामागे एक कोठार होते. डीड्स तेथे हौसेने स्वतःची मोटारगाडी जुळवीत असत, आणि ठिणगीची व्यवस्था त्यांच्या मनासारखी होईना. त्यांनी केटरिंग यांस बोलाविले. झाले, दिवसा नोकरी आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत कोठार, असा क्रम सुरू झाला. कंपनीतील आणखी काही सोबतीही येऊ लागले. भांडवल थोडे, हत्यारे साधी, आणि कामाचा मोबदला बहुधा कामच.

ठिणगीचे हे प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सर्व त्यावरच अवलंबून आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण दट्ट्या वर येऊन दाबतो. दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे, कारण मिश्रण पेटून जोर धरण्यास काही क्षण जातात. इंजिन जितके वेगाने फिरेल, तितकी ठिणगी अधिक आधी हवी. ती फार आधी पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यावरच घाव बसतो. फार उशिरा पडली तर जोर वाया जातो. त्या काळी ही वेळ चालकच स्टिअरिंगजवळच्या दांडीने कमीजास्त करी, व हँडल मारण्यापूर्वी दांडी मागे घेण्यास विसरला की हात मोडून घेई. केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची अशी जोडणी केली की बॅटरी लवकर न संपता नेमकी ठिणगी मिळावी. कॅडिलॅक गाडीचे निर्माते हेन्री लेलँड यांनी १९०९ साली एकदम ८,००० संचांची मागणी नोंदविली. कोठारवाल्यांपाशी कारखानाच नव्हता! त्यांनी डेल्को नावाची कंपनी स्थापिली व शिकागोच्या एका कारखान्याकडून माल करवून घेतला. आमच्या पालकवर्गापैकी ज्यांनी मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी पाहिली असेल, त्यांस बॉनेट उघडून पॉइंट घासणारा टॅक्सीवाला आठवत असेल. ती रचना केटरिंग यांचीच.

यानंतर हँडलाची पाळी आली. इंजिन फिरविण्याइतकी विजेची मोटर गाडीएवढीच मोठी होईल, असे जाणत्यांचे मत होते. केटरिंग यांस गल्ल्याची मोटर आठवली. इंजिन एकदा सुरू झाले की मोटरचे काम संपले. मग तिनेच उलट वीज निर्माण करून बॅटरी भरावी, अशी त्यांनी योजना केली. फेब्रुवारी १९११ मध्ये हे यंत्र कॅडिलॅकवर चालवून दाखविण्यात आले, व १९१२ च्या गाड्या त्यासह विक्रीस निघाल्या. तेव्हापासून ज्यांच्या अंगात हँडल मारण्याचे बळ नव्हते, त्यांसही मोटार एकट्याने बाहेर काढता येऊ लागली. स्त्रियांच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात या लहानशा मोटरीस जागा द्यावी असे आम्हांस वाटते.

पुढे डेल्को जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीत विलीन झाली, आणि १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग तिच्या संशोधनशाळेचे प्रमुख होते. सर्वच साधले असे नाही. पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांनी थंड होणारे त्यांचे शेव्हरले इंजिन १९२३ साली पार फसले. ७५९ गाड्या झाल्या होत्या. विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी तो घेतला नाही.

येथवरचे चरित्र आम्हांस आनंदाने लिहिता आले. पुढचे लिहिताना लेखणी अडखळते. पण विद्यार्थ्यांपुढे अर्धेच चित्र ठेवणे बरे नव्हे.

जोरदार इंजिनातून टकटक असा आवाज येई व इंजिन खिळखिळे होई. त्यास नॉकिंग म्हणतात. याचा दोष लोक केटरिंग यांच्या बॅटरीच्या ठिणगीवर ठेवीत. तो कलंक पुसण्यासाठी त्यांनी टॉमस मिजली या तरुण साहाय्यकास शोधास लाविले. दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे, हे सिद्ध झाले. आयोडिनपासून आरंभ करून कित्येक द्रव्ये पेट्रोलमध्ये घालून पाहिली, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, अगदी अल्प प्रमाणातही नॉकिंग थांबविते असे आढळले. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटन येथेच ते पेट्रोल विकावयास ठेवले. नावात शिशाचा उल्लेख नाही, नुसते 'एथिल'.

शिसे विष आहे ही गोष्ट तेव्हा नवी नव्हती. स्वतः मिजली यांस त्याची बाधा होऊन विश्रांतीसाठी दूर जावे लागले. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. १९२५ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन येथे सरकारी परिषद भरली; डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या विदुषीने स्पष्ट विरोध केला. केटरिंग यांनी आपल्या द्रव्याची बाजू मांडली. पुढच्या वर्षी विक्री पुन्हा सुरू झाली, व जगभर पन्नास वर्षांहून अधिक काळ गाड्यांच्या धुरातून शिसे मुलांच्या श्वासात गेले. त्याने कोवळ्या मेंदूची वाढ खुंटते.

आणखी एक गोष्ट मनास लागते. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबते, हे त्यांच्याच संशोधनशाळेस ठाऊक होते. परंतु अल्कोहोल कोणीही गाळू शके, त्यावर एका कंपनीचा हक्क सांगता येत नव्हता. केटरिंग दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. पण जो मनुष्य फसलेल्या प्रयोगाचा सांधा सांधा उकलून पाही, त्याने याच एका ठिकाणी उकलून पाहण्याचे टाळले, असे आमचे मत झाले आहे. शुभवर्तमानात एकाच शेतात गहू व निदण वाढल्याचा दाखला आहे. येथे तर पेरणाराही एकच.

१९४५ साली केटरिंग व स्लोन यांच्या नावाने न्यूयॉर्क येथे कर्करोग-संशोधनाची संस्था निघाली. पुढच्याच वर्षी केटरिंग यांची पत्नी ऑलिव्ह कर्करोगाने वारली. ते स्वतः नोव्हेंबर १९५८ मध्ये, ८२ व्या वर्षी, डेटन येथे निवर्तले.

त्यांच्या मागे ठिणगीचे काम हळूहळू विद्युत्-परमाणूंच्या यंत्रांकडे गेले. १९७७ साली जनरल मोटर्सच्या टोरोनॅडो गाडीत ठिणगीची वेळ ठरविण्यास मायक्रोप्रोसेसर बसविला, आणि तो ज्या कारखान्याने दिला त्याच्या नावात डेल्को हा शब्द होताच. आज कित्येक हौशी लोक असे नियंत्रक घरी स्वतः जुळवितात. इंजिनाचा वेग व त्यावरील भार यांचा चौकटींचा तक्ता संगणकात मांडतात. प्रत्येक चौकटीत ठिणगी किती अंश आधी पडावी ते भरतात. गाडी चालवून पाहतात आणि आकडा बदलतात. इंजिनावर बसविलेला एक स्फटिक नॉकिंगची कंपने ऐकतो, व ती आली की नियंत्रक ठिणगी थोडी मागे घेतो. डेटनच्या कोठारात जसे रात्री जागून चाले, तसेच हे चाले. ज्या टकटकीसाठी शिसे घातले, तिच्यावर आता असा कान असतो. भारतात तर पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळतात. २०२५ पर्यंत त्याचे प्रमाण शेकडा २० वर गेले, आणि त्यातील काही भाग आपल्या महाराष्ट्राच्या उसातून येतो.

धुरातील प्राणवायू मोजून मिश्रण दाट की पातळ हे नियंत्रकास सांगणारी एक लहानशी नळी असते. शिशाच्या पेट्रोलने ती निकामी होते. धूर शुद्ध करणारे यंत्रही तसेच. त्यामुळे शिसे गेल्यावाचून ही नवी व्यवस्था नांदणे शक्यच नव्हते. भारतातून असे पेट्रोल २००० साली गेले. जगात मोटारींसाठी ते विकणारा अखेरचा देश अल्जीरिया. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली.