रमाबाई रानडे

आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकर घराण्यात, १८६२ साली यमुनेचा जन्म झाला. मुलीने लिहिणे-वाचणे अशुभ, अशी त्या काळच्या स्त्रियांचीही समजूत होती; त्यामुळे तिला माहेरी अक्षरओळखही झाली नाही. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह होऊन ती रमाबाई झाली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे विधुर होते. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहास्तव एका लहान मुलीशी लग्न केले, यावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती.

रानड्यांनी पत्नीला स्वतः मुळाक्षरे शिकवली. रमाबाईंच्या शिक्षणाला घरात सर्वांत तीव्र विरोध झाला तो मात्र वडीलधाऱ्या स्त्रियांकडून. मराठी वाचन त्यांनी कसेबसे सहन केले. इंग्रजीचे नाव निघताच टोमणे आणि अबोला सुरू झाला. इंग्रजी शिकवणाऱ्या मिशनरी बाईंजवळ बसून उठले की सोवळ्यासाठी स्नान करावे लागे. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून रमाबाईंनी मुंबईच्या गव्हर्नरांसमोर इंग्रजीत निवेदन वाचले. सभेत त्यांचे कौतुक झाले. घरी परतल्यावर बोलणी ऐकावी लागली. ती शाळा, हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झाली.

या स्त्रियांना दुष्ट ठरवणे सोपे आहे. परंतु त्यांच्यातील प्रमुख, रमाबाईंच्या नणंद दुर्गाबाई, तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. अशा स्त्रीला घरात मान मिळे तो रूढी कसोशीने पाळल्यामुळे. भावजयीच्या हाती पुस्तक पाहून आपण सोसलेले सारे व्यर्थ गेले, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही.

१९०१ मध्ये रानडे निवर्तले. पुढे, १९०९ मध्ये, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभारले. ज्यांचे शिकण्याचे वय निघून गेले असे लोक मानत, अशा प्रौढ स्त्रिया व विधवा तेथे अक्षरे गिरवू लागल्या. काही परिचारिका झाल्या. दुर्गाबाईंसारख्या स्त्रियांना पूर्वी जे मिळाले नव्हते, ते येथे मिळत होते.

रमाबाईंनी १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील पतिभक्ती पुढील पिढ्यांच्या अनेक स्त्रियांना खटकली. सासरच्या बायकांना ज्या मर्यादा सोडून वागणाऱ्या वाटल्या, त्याच रमाबाई नंतरच्या वाचकांना फार आज्ञाधारक वाटल्या. मात्र १९२० च्या सुमारास पुण्यात प्राथमिक शिक्षण केवळ मुलांना सक्तीचे करावे असे मत मांडले गेले, तेव्हा मुलींच्या बाजूने याच रमाबाई उघडपणे उभ्या राहिल्या. ज्यांना घरात मोठ्याने वाचण्याचीही चोरी होती, त्या आता स्त्रियांच्या सभा घेत होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये तो हक्क मिळाला. मात्र मिळकतीच्या अटीमुळे मोजक्याच स्त्रिया मतदार झाल्या.

१९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.