ॲलन गिन्सबर्ग, हिप्पी आणि आपण

आमच्या वस्तीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गाला येणारा एक मुलगा मध्यंतरी मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आला. येताना हणजूणच्या बाजारातून टी-शर्ट घेऊन आला. छातीवर बुद्धाचा चेहरा आणि त्याच्या मागे गांजाचं पान. वर्गात वाद पेटला. काहींना तो बुद्धाचा अपमान वाटला, काहींना निव्वळ फॅशन. तो मुलगा गोंधळला होता. बाजारात सगळीकडे हेच मिळतं, मग त्यात चूक काय, असा त्याचा साधा प्रश्न होता. मला मात्र दुसराच प्रश्न पडला. पंचशीलातलं पाचवं शील सांगणारा बुद्ध आणि गांजाचं पान एका कापडावर आले कसे?

ते शोधत गेलं की एका माणसाचं नाव पुन्हा पुन्हा समोर येतं. ॲलन गिन्सबर्ग. अमेरिकन कवी, हिप्पींचा वडीलधारा, आणि शेवटी स्वतःला बौद्ध म्हणवणारा. त्याचं आयुष्य आपल्या तरुणांनी वाचायला हवं असं मला वाटतं. भक्तीने नको, पण तुच्छतेनेही नको.

गिन्सबर्गचा जन्म ३ जून १९२६ चा, न्यू जर्सी राज्यातला. तो वाढला पॅटरसनमध्ये, एकेकाळच्या रेशीमगिरण्यांच्या गावात. घर ज्यू. वडील लुई शाळामास्तर आणि कवी. आई नेओमी रशियातून आलेली, पक्की कम्युनिस्ट. तिचं मानसिक आजारपण हे त्या घराचं मोठं दुःख. आपल्यावर पाळत आहे, अन्नात विष आहे अशी भीती तिला सतत वाटे. शाळकरी ॲलन कितीदा तिला सांभाळायला घरी थांबे. पुढे आईवडील वेगळे झाले आणि तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करायच्या कागदावर सही करण्याची वेळ विशीतल्या ॲलनवर आली. ती सही त्याच्या मनातून कधी गेली नाही. नेओमी जून १९५६ मध्ये इस्पितळातच वारली. दफनाच्या वेळी ज्यू रिवाजाप्रमाणे लागणारे दहा पुरुष जमले नाहीत, म्हणून मृतासाठीची प्रार्थना झाली नाही. ती उणीव त्याने पुढे ‘कॅडिश’ ही दीर्घ कविता लिहून भरून काढली.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याला जॅक केरुॲक आणि विल्यम बरोज भेटले. कोलंबिया म्हणजे बाबासाहेबांचंही विद्यापीठ. बाबासाहेब तिथं १९१३ मध्ये गेले ते ज्ञानाची भूक घेऊन. तीस वर्षांनी आलेल्या या पोरांना तीच पदवी, नोकरी आणि घर यांची चाकोरी गुदमरवत होती. विद्यापीठ तेच, पण कोण कुठून आला आहे यावर त्याला तिथं काय दिसेल हे ठरतं. समाजशास्त्र शिकताना हे मी पुस्तकात वाचलं होतं. वस्तीत काम करायला लागल्यावर ते पटलं.

१९४९ मध्ये चोरीच्या मालाच्या एका प्रकरणात गिन्सबर्गला अटक झाली. तुरुंगाऐवजी त्याला मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. तो समलैंगिक होता, आणि त्या काळात अमेरिकेत तो गुन्हाही होता आणि आजारही मानला जाई. बाहेर आल्यावर त्याने बाजार-संशोधनाच्या नोकऱ्या करून पाहिल्या आणि सॅन फ्रान्सिस्को गाठलं. तिथं पीटर ऑर्लोव्हस्की भेटला. ते नातं पुढची अनेक दशकं टिकलं आणि गिन्सबर्गने ते कधी लपवलं नाही.

७ ऑक्टोबर १९५५ ला, पूर्वी मोटारींचं गॅरेज असलेल्या एका छोट्या कलादालनात त्याने ‘हाउल’ ही कविता वाचली. महायुद्ध जिंकलेला, अणुबॉम्ब बाळगणारा, फ्रीज आणि मोटारींनी भरलेला देश आपल्याच लेकरांना वेडं करतो आहे, असा तो आक्रोश होता. १९५६ मध्ये ती पुस्तकरूपात आली. अश्लीलतेचा खटला झाला, प्रकाशकाला अटक झाली. १९५७ मध्ये न्यायाधीशांनी पुस्तक निर्दोष ठरवलं. तोपर्यंत ते घरोघरी पोचलं होतं.

१९५६ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसं एका जुलमी व्यवस्थेतून बाहेर पडली. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत एक पुस्तक आलं आणि सुखवस्तू अमेरिकेतल्या तरुणांची एक पिढी आपल्या व्यवस्थेतून बाहेर पडायला लागली. मी या दोन घटना एका पारड्यात टाकत नाही. त्यांना ज्या घराचा कंटाळा आला होता, त्या घराच्या अंगणातही आपल्या आजोबांना कोणी उभं केलं नसतं.

बुद्धाकडे गिन्सबर्गचं लक्ष वळलं १९५३ च्या सुमारास, चिनी-जपानी चित्रं पाहताना. तपाने खंगलेला शाक्यमुनी डोंगरातून खाली उतरतो आहे, या चित्रावर त्याने एक कविताही लिहिली. केरुॲक बौद्ध ग्रंथ वाचून त्याला पत्रांतून कळवत होता. मित्र गॅरी स्नायडर तर जपानला जाऊन झेन शिकायला बसला. पण गिन्सबर्गला धीर नव्हता. १९४८ मध्ये हार्लेममधल्या खोलीत त्याला एक साक्षात्कारासारखा अनुभव आला होता. तो परत मिळवण्यासाठी त्याने एकामागून एक नशेची द्रव्यं घेऊन पाहिली. टी-शर्टावरच्या चित्राची सुरुवात मला इथं दिसते. अनुभव हवा, तोही लगेच. आणि त्याला नाव मात्र धम्माचं.

फेब्रुवारी १९६२ मध्ये तो ऑर्लोव्हस्कीबरोबर बोटीने मुंबईला उतरला. सव्वा वर्ष भारतात राहिला. स्नायडर आणि जोॲन कायगर यांच्यासोबत त्याने सांची, अजिंठा, वेरूळ पाहिलं. धरमशाळेत दलाई लामांना भेटला, तर तिथंही मादक द्रव्यांच्या अनुभवांचा विषय काढला. कालिम्पाँगला दुदजोम रिंपोछे यांनी त्याला समजावलं की भयानक काही दिसलं तरी त्याला चिकटू नये आणि सुंदर दिसलं तरी चिकटू नये. तो सल्ला त्याच्या मनात घर करून राहिला. मग कोलकात्यात हंग्री पिढीच्या कवींची सोबत, निमतल्ल्याचं स्मशान. बनारसला मणिकर्णिका घाट, साधू आणि चिलीम.

त्याच काळात, १९६१ च्या जनगणनेत, भारतात साडेबत्तीस लाख बौद्धांची नोंद झाली होती आणि त्यातले सुमारे अठ्ठावीस लाख महाराष्ट्रात होते. त्याआधी दहा वर्षांपूर्वी देशभरात दोन लाखही नव्हते. जिवंत बौद्ध धम्म पाहायला आलेल्या या कवीने अजिंठ्याची लेणी पाहिली. त्या लेण्यांच्या मुलखात नव्याने बौद्ध झालेल्या माणसांकडे त्याची पावलं वळली नाहीत. याला तो एकटा जबाबदार नव्हता. त्याला भेटलेला इंग्रजी बोलणारा भारत त्याला हे सांगणारा नव्हता. पाश्चात्त्यांना भारत म्हणजे घाट, धूर आणि जटा एवढंच दाखवण्यात इथल्या वरच्या जातींचाही हात आहे.

परत गेला तो दाढी वाढवलेला, हातात झांजा, तोंडात मंत्र. १९६५ मध्ये क्युबाने त्याला हाकललं, कारण तिथल्या समलैंगिकांच्या छळाबद्दल तो बोलला. त्याच वर्षी प्रागच्या विद्यार्थ्यांनी त्याला मे महिन्याचा राजा म्हणून मिरवलं आणि तिथल्या सरकारनेही हाकललं. भांडवलशाहीच्या देशात तो कम्युनिस्ट आणि कम्युनिस्ट देशात गुन्हेगार. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चात पोलिसांच्या हाती फुलं द्यायची, ही कल्पना त्याने मांडली. हिप्पींची फुलं आली ती इथून.

१४ जानेवारी १९६७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये वीस-तीस हजार तरुण जमले. गिन्सबर्ग आणि स्नायडर यांनी सकाळी मैदानाला प्रदक्षिणा घातली. एलएसडी फुकट वाटलं जात होतं. त्याच गर्दीत शुनर्यु सुझुकी हे जपानी झेन आचार्यही येऊन बसले होते. त्यांच्या विहारात पहाटे उठून पाठ ताठ ठेवून बसावं लागे, दुसरी सवलत नव्हती. संध्याकाळी गिन्सबर्गने लोकांना मैदानातला कचरा उचलायला सांगितलं आणि लोकांनी उचलला. मला त्या दिवसातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

त्या उन्हाळ्यात हेट-ॲशबरी या मोहल्ल्यात लाखभर पोरं येऊन धडकली. राहायला जागा नाही, खायला नाही. डिगर्स नावाच्या गटाने फुकट जेवण दिलं, एका तरुण डॉक्टरने मोफत दवाखाना काढला. पण गांजामागून इंजेक्शनं आली, हेरॉइन आलं, मुलींवर अत्याचार झाले. पर्यटकांच्या बसगाड्या हिप्पी दाखवायला फिरू लागल्या. ऑक्टोबर १९६७ मध्ये तिथल्याच जुन्या रहिवाशांनी हिप्पीची लुटुपुटीची अंत्ययात्रा काढली. डिसेंबर १९६९ मध्ये आल्टामाँटच्या जलशात पहारेकरी म्हणून बसवलेल्या मोटारसायकल टोळीने मेरेडिथ हंटर या काळ्या तरुणाला भोसकून मारलं. पुढे १९७३ मध्ये सक्तीची लष्करभरती संपली आणि बहुतेकांच्या विरोधाचं कारणही संपलं. पुष्कळजण केस कापून घरी परतले. परतायला घर होतं.

खाडीच्या पलीकडे, ओकलंडमध्ये, ऑक्टोबर १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला होता. व्यवस्थेतून बाहेर पडण्याची चैन त्या तरुणांना नव्हती. व्यवस्थेने त्यांना आत घेतलंच नव्हतं. त्यांनी गस्ती घातल्या, लहान मुलांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी संघटनेला नाव घेतलं ते पँथरचं. तरीही बीट कवींचा एक धागा आपल्याकडे आला आहे, तो नाकारू नये. साठच्या दशकातल्या मराठी लघुनियतकालिकांच्या वर्तुळात हे कवी वाचले जात होते, आणि राजा ढाले व नामदेव ढसाळ त्याच वर्तुळात वावरले. सभ्य भाषेचं कुंपण मोडता येतं, हे धैर्य तिथं होतं. कुंपणापलीकडचं जगणं मात्र ढसाळांना कुणाकडून उसनं घ्यावं लागलं नाही.

हिप्पी ओसरले तेव्हा गिन्सबर्ग चाळिशी ओलांडलेला होता. नशेतून बाहेर यावं म्हणून मित्रांसाठी त्याने शेत घेतलं. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत पोलीस लाठ्या चालवत असताना जमाव शांत राहावा म्हणून तासन्‌तास ओंकार म्हणत बसला. सप्टेंबर १९७१ मध्ये जेसोर रस्त्यावरच्या निर्वासितांच्या छावण्या चिखलातून पाहून आला आणि त्यावर लिहिलं. १९७८ मध्ये कोलोरॅडोतल्या अण्वस्त्र कारखान्याच्या रुळांवर ध्यानाला बसला, अटक करून घेतली.

१९७२ मध्ये त्याने तिबेटी आचार्य चोग्यम त्रुंगपा यांच्याकडे रीतसर शरण घेतलं. १९७४ मध्ये त्यांच्या नारोपा संस्थेत ॲन वॉल्डमनबरोबर कवितेची शाळा काढली. रोजच्या ध्यानाची शिस्त त्याला इथं मिळाली, हे खरं. पण त्रुंगपा अतोनात दारू पीत. १९७५ मध्ये एका शिबिरात त्यांच्या हुकमावरून कवी डब्ल्यू. एस. मर्विन आणि त्यांची सोबतीण यांना ओढत आणून सर्वांसमोर विवस्त्र केलं गेलं. गिन्सबर्ग तिथं नव्हता. पण बोलायची वेळ आली तेव्हा, सरकारांना न घाबरणारा हा माणूस गुरूची बाजू सावरत राहिला. मनात चलबिचल होती, तरी. त्रुंगपा १९८७ मध्ये पन्नाशीच्या आतच वारले. आणखी एक डाग सांगायलाच हवा. अल्पवयीन मुलांशी प्रौढांच्या संबंधांचं समर्थन करणाऱ्या एका संघटनेचा तो सदस्य झाला. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य हे कारण त्याने दिलं. ते मला पटत नाही, कुणालाही पटू नये.

बाबासाहेबांनी आपल्याला मार्गदाता दिला, मोक्षदाता नाही. तरी आपल्या संस्थांमध्ये, संघटनांमध्ये नेत्याच्या चुकीवर पांघरूण घालणारे किती आहेत हे आपण जाणतो. मीही एकदा गप्प बसले आहे. त्या बैठकीत उठून बोलायला हवं होतं, ते आजही टोचतं.

हिप्पींनी मागे काय ठेवलं? मोफत दवाखान्यांची कल्पना, सेंद्रिय शेतीची आवड, एप्रिल १९७० चा पहिला वसुंधरा दिन, समलैंगिकांना उजळ माथ्याने जगण्याची वाट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोधगयेत गोयंका गुरुजींच्या शिबिरांना बसलेल्या अमेरिकन पोरांनी विपश्यना आपल्या देशात नेली. आपल्याशी थेट जोडलेली गोष्ट आणखी एक आहे. बाबासाहेबांच्या परिनिर्वाणाच्या दिवशी नागपुरात शोकसभेत बोलणारे इंग्रज भिक्खू संघरक्षित यांनी १९६७ मध्ये लंडनला बौद्ध संघ सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे येणाऱ्यांत याच लांब केसांच्या पिढीतली पोरं होती. त्याच संघातले लोकमित्र १९७८ मध्ये पुण्यात राहायला आले आणि त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचं काम उभं राहिलं. आज ज्या वसतिगृहांतून आपली मुलं शिकतात, त्यांतल्या काहींच्या मुळाशी हे आहे. गांजाचं पान बाजारात राहिलं. जे ध्यानाला आणि कामाला बसले, ते वस्तीपर्यंत पोचले.

गिन्सबर्ग ५ एप्रिल १९९७ ला न्यूयॉर्कच्या आपल्या घरी यकृताच्या कर्करोगाने गेला. भोवती मित्र होते, बौद्ध पठण चालू होतं. आजार कळल्यावर त्याने मित्रांना फोन करून निरोप घेतला होता. मृत्यूच्या आठवडाभर आधी लिहिलेल्या कवितेत त्याने आता आपण कुठं कुठं जाणार नाही याची यादी केली आहे. त्यात ल्हासा आहे, काशी आणि मणिकर्णिका घाट आहे, पुरी आहे, बीरभूम आहे, कोलकात्याचे चहा पिणारे कवी आहेत. नागपूर नाही.