खटल्यापलीकडच्या रखमाबाई

डॉ. रखमाबाईंचे नाव निघाले, की आपल्याकडची चर्चा खटल्यापाशी येऊन थांबते. अकराव्या वर्षी झालेले लग्न, नांदावयास जाण्यास नकार, दादाजी भिकाजींनी १८८४ साली लावलेला दावा, नांदा अथवा सहा महिने तुरुंगवास पत्करा हा १८८७ चा निकाल, 'केसरी'ची प्रखर टीका आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर झालेली तडजोड. हे सारे चार वर्षांत आटोपले. त्यानंतर रखमाबाई आणखी ६७ वर्षे जगल्या. त्यांतील सुमारे ३५ वर्षे त्यांनी रुग्णाइत स्त्रियांच्या खाटेशेजारी काढली, आणि त्यांविषयी मात्र आपण दोन वाक्यांत बोलून मोकळे होतो.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या पाठिंब्याने त्या १८८९ मध्ये लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात रुजू झाल्या. इमारत होती, औषधे होती, रोगीही गावात पुष्कळ होते. पण ते पायरी चढेनात. त्या काळच्या बाईला इस्पितळ म्हणजे मरणाचे घर वाटे. पुरुष डॉक्टरपुढे हात करावयाचा तोही पडद्याआडून, आणि बाळंतपण घरच्या काळोख्या खोलीत सुइणीच्या हातून. ही भीती अडाणीपणाची म्हणून झिडकारणे सोपे होते. रखमाबाईंनी तसे केले नाही. अशी आख्यायिका आहे, की त्यांनी एक गाभण शेळी (कोणी मेंढी म्हणतात) रुग्णालयात आणली आणि तिची सुटका सुखरूप करून दाखविली. जनावर वाचते तर माणूसही वाचेल, हे बघणाऱ्या बायकांना व्याख्यानावाचून कळले. कथेचा तपशील कोणी तपासून पाहावा. तिच्यातली रीत मात्र खास डॉक्टराची आहे. रोग्याच्या शंकेला आधी औषध द्यावयाचे, रोगाला नंतर.

त्यांच्या रुग्ण स्त्रियांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कृतज्ञतेची पत्रे त्या कोठून लिहिणार? भरू लागलेले रुग्णालय हीच त्यांची साक्ष. प्लेगच्या साथीत माणसे गाव सोडून पळत असताना रखमाबाई सुरतेत कामावर राहिल्या, ही दुसरी.

१९०४ साली दादाजी वारले, तेव्हा जन्मभर ज्यांच्याशी नाते नाकारले त्यांच्यासाठी रखमाबाईंनी पांढरे लुगडे नेसावयास घेतले. याचा उलगडा भल्याभल्यांना झालेला नाही, प्रस्तुत लेखकालाही नाही. मात्र त्या वेषातील डॉक्टरीण पाहून अनेक विधवांना तिच्याजवळ बसणे सोपे गेले असेल, एवढा तर्क करावासा वाटतो.

पुढे राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात काम करून त्या निवृत्त झाल्या. पडद्याची चाल बंद करण्याची गरज सांगणारा त्यांचा लेख १९२९ सालचा आहे. तो लिहिणाऱ्या बाईने पडद्याआडची दुखणी तीन तपे हाताळली होती.