रेल्वेचा ‘टॅब्लेट’ बनवणारा माणूस: एडवर्ड टायर

सोलापूरकरांना ‘क्रॉसिंग’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा घरी येताना गाडी जेऊरला नाहीतर केमला हमखास थांबायची. पंधरा-वीस मिनिटं काहीच घडायचं नाही. मग समोरून एक मालगाडी धडधडत निघून जायची आणि आपली गाडी हलायची. दौंड-सोलापूर-वाडी मार्गाचं दुहेरीकरण पूर्ण झालं ते अगदी अलीकडे. तोवर बऱ्याच टप्प्यांत दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच रुळावरून जायच्या.

मग त्या समोरासमोर येऊ नयेत हे कोण बघतं? सेक्शन कंट्रोलर? तो कुठली गाडी कुठे थांबवायची ते ठरवतो. पण माणूस आहे, चुकू शकतो. ही चूक जीवघेणी ठरू नये म्हणून एका माणसाने एक यंत्र बनवलं. त्याचं नाव एडवर्ड टायर.

तारेवर विसंबलेली रेल्वे

टायरचा जन्म १८३० चा, इंग्लंडमधला. रेल्वे आणि तारयंत्र दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर वाढले. १८५२ मध्ये, म्हणजे बाविसाव्या वर्षी, त्याने विजेवर चालणाऱ्या रेल्वे सिग्नलिंगचं पेटंट घेतलं. पुढे स्वतःची कंपनी काढली. पुढच्या भागात गाडी आहे की नाही हे शेजारच्या स्टेशनला कळवणारी त्याची उपकरणं इंग्लंडमध्ये बरीच वापरली जायची.

पण एकेरी मार्गाचा प्रश्न सुटला नव्हता. काही ठिकाणी एका भागासाठी एकच काठी असायची. ती हातात असेल तोच ड्रायव्हर पुढे जाणार. कल्पना चांगली, पण काठी त्या टोकाला आणि गाडी या टोकाला असली की सगळं अडायचं. म्हणून अनेक ठिकाणी तारेनेच परवानगी द्यायचे.

१० सप्टेंबर १८७४

नॉरिच शहराजवळ थॉर्प इथे त्या रात्री काय झालं बघा. लंडनहून येणारी एक्स्प्रेस उशिरा धावत होती. पलीकडच्या स्टेशनावर मेल गाडी उभी होती. तिला आधी येऊ द्यावं असा विचार झाला आणि तसा संदेश लिहिला गेला. नियम असा की अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय संदेश पाठवायचा नाही. इथे सही नव्हती, तरी तार गेली. इकडे एक्स्प्रेसही सोडली गेली.

चूक लक्षात आल्यावर मेल थांबवण्यासाठी दुसरी तार केली. उत्तर आलं की मेल निघून गेली आहे. त्यानंतर स्टेशनावरच्या माणसांना वाट बघण्याखेरीज काहीच करता येईना. दोन्ही गाड्या अंधारात, पावसात समोरासमोर आदळल्या. २५ माणसं गेली.

नियम होता. तो पाळला गेला नाही, एवढंच.

टायरचं उत्तर

१८७८ मध्ये टायरने ‘टॅब्लेट’ यंत्राचं पेटंट घेतलं. टॅब्लेट म्हणजे धातूची गोल चकती, तिच्यावर त्या भागाचं नाव कोरलेलं. दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र, तारेने जोडलेलं, आणि दोन्हींत चकत्यांचा साठा. पलीकडच्या स्टेशनाने विजेने संमती दिली तरच इथून एक चकती निघते. ती निघाली की दोन्ही यंत्रं कुलूपबंद! ती चकती कुठल्याही टोकाच्या यंत्रात परत पडेपर्यंत दुसरी निघतच नाही. चकती नाही तर ड्रायव्हर हलणार नाही.

भारतात याच तत्त्वाचं नील्स बॉल टोकन यंत्र खूप वापरलं गेलं. चकतीऐवजी पोलादी गोळा. गोळ्याची पिशवी अडकवलेली मोठी रिंग चालत्या गाडीतून उचलायचे, ते हेच.

आणि माझी चूक

पहिल्या नोकरीत मी लिहिलेल्या कोडमुळे एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले गेले. दोन प्रोसेसनी एकाच क्षणी एकच नोंद उचलली होती. मी कॉमेंटमध्ये लिहून ठेवलं होतं की हे फंक्शन एका वेळी एकदाच चालवावं. म्हणजे बिनसहीची तारच! सीनिअरने तिथे लॉक टाकायला लावलं. प्रोग्रामिंगमध्ये याला म्यूटेक्स म्हणतात: लॉक एकाकडे असेल तर बाकीच्यांनी थांबायचं. टायरने हेच दोन स्टेशनांमध्ये, कंप्युटरशिवाय करून दाखवलं होतं.

१९१२ च्या नाताळच्या दिवशी, वयाच्या ८२ व्या वर्षी टायर गेला. त्याची यंत्रं त्यानंतरही कित्येक दशकं चालली.

आता तत्काळमध्ये शेवटची एक बर्थ उरलेली असते आणि दोघं एकाच सेकंदाला बटण दाबतात, तेव्हा ती एकालाच मिळते. दुसरा वैतागतो. क्रॉसिंगला थांबलेली गाडीही अशीच वैताग आणते. पण त्या गाडीतले सगळे घरी पोचतात.