भिंतींचा चित्रकार

टेबलावरचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून आपण त्यांवर पेपरवेट ठेवतो. काही पेपरवेट अगदी साधे असतात, तर काही शोभेचे. शोभेच्या एका प्रकारात जाड, पारदर्शक काचेच्या तळाशी रंगीत चित्र बसवलेले असते. काचेचा वरचा भाग घुमटासारखा असल्यामुळे ती भिंगाचे काम करते आणि खालचे चित्र मोठे दिसते. त्या चित्रात कधी हवेत तरंगणारी एखादी हसरी स्त्री असते आणि तिच्याभोवती ठळक फ्रेंच अक्षरे असतात. असे चित्र बहुधा जुन्या पॅरिसमधील एखाद्या भित्तिपत्रकावरून घेतलेले असते. भित्तिपत्रकाला कलेचे रूप देणाऱ्या एका कामगाराच्या मुलाची ही गोष्ट आहे. त्याचे नाव ज्यूल शेरे.

शेरे यांचा जन्म ३१ मे १८३६ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करत. घरची परिस्थिती बेताची होती. त्यामुळे तेराव्या वर्षीच ज्यूलची शाळा सुटली आणि तो एका शिळाछापखान्यात उमेदवारी करू लागला.

शिळाछाप म्हणजे दगडावरून छपाई. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, मग दगड पाण्याने ओला करायचा आणि त्यावर शाई फिरवायची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे शाई फक्त चित्रावर बसते आणि कागद दाबला की चित्र उमटते. आपल्याकडे उर्दू पुस्तकेही पुष्कळ वर्षे याच पद्धतीने छापली जात. कातिबाने सुंदर नस्तालीक अक्षरांत लिहिलेला मजकूर दगडावर उतरवत असत. छापताना उलट्याचे सुलट होते, म्हणून दगडावर अक्षरे उलटी असावी लागतात. हे काम मोठ्या चिकाटीचे असते. ज्यूलने तीन वर्षे उमेदवारी केली. त्याला चित्रकलेची फार ओढ होती. महागडे शिक्षण घेणे शक्य नव्हते, म्हणून तो संग्रहालयांत जाऊन थोर चित्रकारांची चित्रे तासन्‌तास पाहत असे. तेच त्याचे विद्यालय झाले.

१८५८ साली प्रसिद्ध संगीतकार ऑफेनबाख यांच्या एका संगीत नाटकाचे भित्तिपत्रक करण्याचे काम शेरे यांना मिळाले. ते चांगले वठले. पण त्यानंतर पुरेसे काम मिळेना. तेव्हा १८५९ मध्ये ते लंडनला गेले. तेथे ते सुमारे सात वर्षे राहिले. तेथील रंगीत छपाईची मोठी यंत्रे त्यांनी बारकाईने पाहिली. रिमेल नावाच्या अत्तर व्यापाऱ्यासाठी त्यांनी अत्तराच्या बाटल्यांवरील चित्रे काढली. रिमेल यांना या कलावंताची पारख झाली. त्यांनी पैशाची मदत केली आणि १८६६ मध्ये शेरे यांनी पॅरिसला परतून स्वतःचा छापखाना सुरू केला.

त्या काळी पॅरिसमधील बहुतेक भित्तिपत्रकांवर नुसता मजकूर असे. शेरे यांनी त्यावर मोठी, रंगीत चित्रे आणली. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. शेरे मोजकेच दगड वापरत, पण एका रंगावर दुसरा रंग असा छापत की त्यातून अनेक छटा तयार होत. नाटक, सर्कस, दिव्याचे रॉकेल, औषधाच्या गोळ्या अशा कितीतरी गोष्टींच्या जाहिराती त्यांनी केल्या. १८९३ साली त्यांनी लोई फुलर या नर्तिकेचे भित्तिपत्रक केले. तिच्या घोळदार वस्त्रांवर रंगीत प्रकाश पडत असे. तो भास शेरे यांनी कागदावर हुबेहूब उतरवला. आयुष्यभरात त्यांनी हजाराहून अधिक भित्तिपत्रके तयार केली.

खरी कला म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात सोनेरी चौकटीत टांगलेले चित्र, असे तेव्हा पुष्कळांना वाटे. जाहिरातीला कला कोण म्हणणार! शिवाय भित्तिपत्रकाचे आयुष्य ते किती? आज चिकटवले, उद्या पावसाने भिजले, परवा त्यावर दुसरे लागले. तरीही शेरे यांनी आपल्या कामात कसूर केली नाही. त्यांची चित्रे पाहायला तिकीट लागत नव्हते. हमाल, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, शाळेत जाणारी मुले, सर्वांसाठी ती खुली होती. पॅरिसचा रस्ता हेच त्यांचे चित्रप्रदर्शन बनले.

हळूहळू लोकांचे मत बदलले. भित्तिपत्रकांचे शौकीन तर ती भिंतींवरून अलगद सोडवून घरी नेऊ लागले! १८९० मध्ये फ्रेंच सरकारने शेरे यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ हा मानाचा किताब दिला. १८९५ ते १९०० या काळात शेरे आणि इतर कलावंतांच्या २५६ भित्तिपत्रकांच्या लहान आकाराच्या प्रती छापून विकल्या गेल्या. त्यामुळे भिंतीवरचे मोठे चित्र घरातल्या टेबलावर येऊन पोहोचले. तुलूझ-लोत्रेक यांच्यासारखे थोर चित्रकार शेरे यांना गुरुस्थानी मानत.

उतारवयात शेरे फ्रान्सच्या दक्षिणेकडील नीस या शहरात राहिले. ज्या माणसाने शहराला रंग दाखवले, त्याचीच दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली. २३ सप्टेंबर १९३२ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नीसमधील कलासंग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जी चित्रे पावसात धुऊन जाण्यासाठीच जणू जन्माला आली होती, ती आज संग्रहालयांत जपून ठेवली आहेत आणि काचेच्या पेपरवेटमध्येही दिसतात. चार दिवस टिकणारे काम शेरे यांनी कायम टिकणार असल्यासारखे मन लावून केले. म्हणूनच ते टिकले.